पलूसच्या आत्याचा मुराळी

शनिवार, ७ जून १९९७. उंब्रज स्टँड, सकाळी सव्वासातची सांगली गाडी.

हजर: आबा, आई, धाकटा भाऊ संभाजी, माझे सासू-सासरे आणि निघणारे आम्ही दोघं. सामान: पत्र्याची पेटी एक, वळकट्या दोन, स्टोव्ह, अर्धं पोतं ज्वारी, भाकऱ्यांचं गाठोडं आणि एक रिकामी बादली. बादली टपावर चढवायला कंडक्टर तयार नव्हता, म्हणून ती मी सांगलीपर्यंत मांडीवर घेऊन बसले.

ही नोंद मी त्याच गाडीत केली. यादी केली की डोकं शांत राहतं, हे मला शाळेत असल्यापासून माहीत आहे. मिस्टरांना कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम मिळालं होतं. लग्नाला सात महिने झाले होते. सासर पलीकडच्याच गावचं, त्यामुळे स्टँडवर दोन्हीकडची माणसं आली होती. आई रडत होती आणि रडतारडताच भाकऱ्या कुठल्या आधी खायच्या ते सांगत होती. गाडी सुरू झाल्यावर आबा खिडकीशी आले आणि म्हणाले, "लांब चाललीया आसं समजू नगं. दार उघडं हाय. आपल्या घरातनं गेल्यालं मानूस माघारी आलं आन त्याला दार लागल्यालं दिसलं, आसं कवा झालं न्हाई."

हे वाक्य मी सत्तावीस वर्षं खरं मानलं. ते खरं नाही, हे मला गेल्या वर्षी कळलं. आबांना ते स्टँडवरही माहीत होतं. कसं कळलं आणि पुढं काय झालं, ते सलग लिहून ठेवते. घरी राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखे जे पुण्याला, सुरतेला, दुबईला गेले त्यांच्यासाठीही. भावकीच्या ग्रुपवर तुकड्यातुकड्यानं बातम्या फिरण्यापेक्षा एकदा सगळं वाचलेलं बरं.

कुपवाडला पहिली चार वर्षं एका खोलीत काढली. मग मीही एका फौंड्रीच्या स्टोअरला लागले, आणि आज त्या स्टोअरची जबाबदारी माझ्याकडे आहे. इनवर्ड, आउटवर्ड, रिजेक्शन, गेटपास, फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट. गावाकडच्या भाषेत यातला एकही शब्द नव्हता. आता मी घरातही "हळद संपत आली, ऑर्डर टाका" असं बोलते आणि मुलं हसतात. गावी असताना कोण कुणाचं कोण ते माहीत असलं की पुरायचं. इथं माणूस ओळखायचा तो कंपनीवरून, नाहीतर त्याच्या गाडीच्या रंगावरून. मला याचा त्रास झाला नाही. काम नीट केलं तर कुणी घराणं विचारत नाही, ही मोठी सोय आहे.

एक गोष्ट मात्र चुकायची. पहिल्या वर्षी नागपंचमीच्या आदल्या दिवशी संभाजी मला न्यायला आला होता. सासुरवाशिणीला न्यायला माहेरचा पुरुष येतो, त्याला आमच्याकडे मुराळी म्हणतात. संभाजी तेव्हा अठराचा. डोक्याला टोपी, हातात पिशवी, आणि चेहऱ्यावर असा रुबाब, जणू मला सोडवायला फौज घेऊन आला आहे. शेजारच्या बायका म्हणाल्या, "वैनी, तुमचा मुराळी आला!" तेव्हा पहिल्यांदा कुपवाडमध्ये मला कुणीतरी असल्यासारखं वाटलं. असा तो नऊ वर्षं आला. मग आमच्याकडे दुचाकी झाली, मोबाइल आले, आणि तो म्हणायला लागला, "तूच ये की ताई, गाडी हाय तुझ्याकडं." मलाही ते सोयीचं होतं. हळूहळू पंचमीला जाणंच राहिलं.

आई तीन वर्षांपूर्वी गेली. गेल्या दसऱ्याआधी आबांनी ठरवलं की देव्हाऱ्यातले झिजलेले टाक नवे करून घ्यायचे. टाक म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांचे चांदीचे छोटे पत्रे, त्यावर उठवलेली आकृती, देवांच्या बाजूला पूजेत ठेवलेले. कऱ्हाडच्या सराफानं विचारलं, कुठला कुणाचा? यादी करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी चार रकाने आखले: नाव, नातं, कधी गेले, कुठे गेले. सात टाक होते. सहांचे रकाने आबांनी तासाभरात भरून दिले. पाचव्या टाकाला ते नुसतं म्हणाले, "त्यो दर्यातला आज्जा."

दर्यातला आज्जा म्हणजे शंकर, आबांचे आजोबा, माझे पणजोबा. त्यांची गोष्ट आम्हाला लहानपणापासून पाठ होती. ते गुळाच्या गाड्या घेऊन कुंभार्ली घाटानं चिपळूणला जायचे. एका वर्षी गाडी परत आली, ते आले नाहीत. चिपळूणहून गलबतानं मुंबईला गेले आणि तिथून आगबोटीवर खलाशी म्हणून चढले, एवढं सोबतच्या गाडीवानानं सांगितलं. मागं बायको सोनाबाई आणि तीन वर्षांचा मुलगा, म्हणजे आबांचे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणायचो. बारा वर्षं वाट बघितली. मग रिवाजाप्रमाणे दर्भाचा पुतळा करून नदीकाठी जाळला. अग्नी तात्यांनी दिला, वय वर्षं पंधरा. सोनापणजीचं कुंकू पुसलं, टाक केला. आम्हा पोरांना याचा फार अभिमान होता. उसाच्या रानातल्या घरात एक माणूस सात समुद्र फिरलेला! शाळेत मी त्यांना परस्पर जहाजाचा कप्तान करून टाकलं होतं.

कधी गेले: माहीत नाही. कुठे गेले: माहीत नाही. सराफाला त्याचं काही नव्हतं, त्याला आकृतीशी मतलब. पण माझ्या रजिस्टरात "माहीत नाही" चालत नाही. मी मुंबईला दोन ठिकाणी पत्रं लिहिली. नुसतं नाव आणि गाव यावर शंभर वर्षांपूर्वीचा खलाशी सापडणार नाही, असं सरळ उत्तर आलं. मग मला हेळवी आठवला.

हेळवी म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वह्यांत सांभाळणारे लोक. सीमेपलीकडून येतात, बोलण्यात कानडी हेल असतो. पूर्वी नंदीवर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. दर दोन-तीन वर्षांनी हेळवी आमच्या ओसरीवर बसून घराण्यातली सगळी नावं वाचायचा, कोण कुठे राहायला गेलं तेसुद्धा, आणि नवी नावं लिहून घ्यायचा. वाचन ऐन रंगात आलं की आबा आम्हाला म्हणायचे, "पोरांनू, जोंधळं आना हेळव्याला." आम्ही सूप घेऊन आत पळायचो. परत येईपर्यंत वाचन पुढच्या पिढीवर गेलेलं असायचं. दर वेळी. याचा अर्थ मला पन्नाशीत लागला.

आमच्या हेळव्याचं नाव बसाप्पा. मी फोन करून विचारलं, शंकर नावापुढं काय लिहिलंय?

"वही फोनवर वाचत न्हाईत, अक्का. घरात वाचतेत. दिवा लावून."

"मग कुपवाडला या. माझ्या घरी वाचा."

"लेकीच्या घरी माह्यारची वही वाचायचा रिवाज न्हाई."

"माहेरी वाचता तेव्हा ओळ गाळता. हा कुठला रिवाज?"

तिकडं तो हसला. "तुमी लय वंगाळ मानूस हाईसा, अक्का. येतो."

दिवाळीनंतरच्या रविवारी तो आला. मी दिवा लावला, पाट मांडला. त्यानं चष्मा लावून लाल कापडातली वही सोडली, बोट ठेवून वाचत आला आणि त्या ओळीवर थांबला. "आजवर हितं बोट उचलत हुतो," म्हणाला, आणि वाचलं. शंकर. दर्यातून माघारी. वस्ती पलूस. लेक एक, हौसा.

पलूस! सांगलीहून कऱ्हाडला जाताना एका रस्त्यावर पलूस लागतं. तिथल्या स्टँडवर मी किती वेळा उतरून चहा प्यायले असेन. समुद्रात बुडालेला माणूस माझ्या माहेरापासून दोन तासांवर राहत होता, आणि आम्ही त्याच्या टाकाला नैवेद्य दाखवत होतो.

बसाप्पानं त्याच्या वडिलांकडून ऐकलेलं सांगितलं. ते पलूसला गेले की शंकर त्यांना ज्वारी घालायचे, पोटभर जेवू घालायचे, आणि एकच विचारायचे, "वहीत हाय न्हवं मी?" हेळवी म्हणायचा, हाय. "मग बास." आणि आमच्या ओसरीवर ती ओळ गाळा, असं आधी तात्यांनी सांगितलं, त्यांच्यामागं आबांनी. पण सोनापणजी होती तोवर ती हेळव्याला ज्वारी घालायला स्वतः मागच्या दारी, गोठ्याशी बोलवायची. तिथं ती ओळ तिला एकटीला वाचून दाखवायचे. ती ऐकायची, मापटं उलटं करायची आणि आत जायची. कपाळ मोकळंच.

बसाप्पा गेल्यावर मी दिवसभर घर साफ केलं. मिस्टर म्हणाले, आता पुढं काय? मी म्हटलं, लेक एक, हौसा. ती आहे का बघायचं.

ती होती. नव्वद वर्षांची.

जानेवारीतल्या एका सुट्टीच्या दिवशी मी दुचाकीवरून पलूस गाठलं. पर्समध्ये चौदा प्रश्नांचा कागद होता. बसाप्पानं खुणा बरोबर सांगितल्या होत्या. घराचं दार सताड उघडं, ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसलेली, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. मी पाया पडले आणि म्हटलं, "मी उंब्रजकडची. शंकरआज्ज्यांच्या घरातली."

शेंगा फोडणारा हात थांबला नाही. "कुनाची?"

"तात्यांची नात."

"म्हंजी माझ्या भावाची."

"तुम्हाला माहीत आहे?"

"आगं, मला भाऊ हाय ह्ये मला ठाव हाय. त्याला भन हाय ह्ये त्याला ठाव हुतं का, त्ये इचार. पंचमीच्या आदल्या दिशी भावाचा उपास धरते की त्येचा."

मी म्हटलं, "ते जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, आत्या." नात्यानं त्या आबांच्या आत्या, पण तोंडात तेच आलं.

"सांगितलंय हेळव्यानं. म्हनून काय झालं? उपास सोड म्हनून कुनी सांगाया आलं न्हाई." मग आत तोंड करून नातसुनेला ओरडल्या, "आगं ए, च्या टाक. माझ्या माह्यारचं मानूस आलंय. नव्वद वर्सात पयलं, तवा साखर जरा जास्त घाल."

चौदा प्रश्नांतला एकही मी विचारला नाही. त्याच सांगत होत्या.

त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते खरे, पण वर डेकवर नव्हे. खाली, बॉयलरशी. फावड्यानं कोळसा घालायचं काम. समुद्र त्यांनी फारसा बघितलाच नव्हता. "चौदा वर्सं दर्यात हुता आन पवाया येत न्हवतं! कृष्णेला गेला की पायरीवर बसून तांब्यानं अंगूळ. आमी पोरी हसायचो, तर म्हनायचा, पान्याचं मला सांगू नगा, लय खोल बघितलंय." हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. पलूसला आल्यावरही तेच काम मिळालं, गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचं. तिथंच एका विधवा बाईशी पाट लावला. तिची ही लेक.

मग त्यांनी ते सांगितलं, ज्यासाठी मी गेले होते.

बोटीवरचं काम सुटल्यावर शंकर चिपळूणहून घाट चढून चालत घरी आले. पुतळा जाळून तेव्हा दोन वर्षं झाली होती. ओसरीवर हळदीची जाती मांडली होती, कारण तात्यांचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. गाव जमा झालं. जळालेला माणूस दारात उभा! भावकीतल्या मोठ्यांनी बसून विचार केला. याला घरात घ्यायचं तर सगळे विधी नव्यानं करायला लागणार, हा कुणाकुणाच्या पंगतीला जेवलाय कुणाला ठाऊक, मुलीकडच्यांनी ऐकलं तर लग्न मोडणार. शेवटी म्हणाले, अग्नी ज्यानं दिला त्यानं सांगावं. तात्या सतरा वर्षांचे होते. ते उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "माझा बा मेलाय. मी त्याला अग्नी दिलाय."

शंकरांनी पाणी मागितलं. बाहेरच्या रांजणाकडं बोट दाखवलं गेलं. ते प्यायले, गाठोडं उचललं आणि निघाले. सोनापणजी आत होती. तिला कुणी विचारलं नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. त्या लग्नातून आबा झाले, आबांपासून मी आणि संभाजी. हे मी पलूसच्या ओसरीवर बसून मनात मांडलं आणि चहा तसाच गार झाला. ज्या दिवशी त्यांना परत पाठवलं, त्याच दिवशी आमची सगळ्यांची सोय झाली. यात मला माझा रकाना सापडेना.

मी टाकाचं सांगितलं. आत्या अशा हसायला लागल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "म्हंजी त्यो हितं जित्ता, आन तिकडं तुमी त्याला निवद दावत हुता? तरीच! सर्वपित्रीला म्हातारा जेवायचाच न्हाई. आई ताट वाढायची, तर म्हनायचा, आज माझं जेवान दुसरीकडं झालंय." मी विचारलं, मग नवा टाक करायचा की काढून टाकायचा? "ऱ्हाऊ दे की. आता तर खराच मेलाय."

मी लगेच बेत सांगितला. पुढच्या सुट्टीला मी गाडी घेऊन येते, तुम्हाला माहेर दाखवते, संध्याकाळी परत सोडते.

"न्हाई," आत्या म्हणाल्या. आवाज तोच, पण शेंगा बाजूला ठेवल्या. "गाड्या माझ्या नातवाकडं दोन हाईत. जायचंच असतं तर कवाच गेली असते. मला मुराळी पायजे. त्या घरातला, त्या उंबऱ्यावरचा बाप्या मानूस माझ्या दारात येऊन म्हनला पायजे, चल. माझ्या आईला लोक म्हनायचं, हिच्या न्हवऱ्याला गाव न्हाई. मला म्हनायचं, हिला माह्यार न्हाई. दर पंचमीला समद्या पोरी जायच्या आन मी झोक्याची दोरी वळत बसायची. तू चांगली हाईस, पर तू बी लेकच हाईस. तुझं येनं मोजत न्हाईत."

मला राग आला नाही. नऊ वर्षं मुराळी बघितलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागत नाही.

त्या घरातला सगळ्यात मोठा पुरुष म्हणजे आबा. त्याच आठवड्यात मी गावी गेले. संभाजी आणि वहिनी होते. मी सगळं क्रमानं सांगितलं. आबा अडकित्त्यानं सुपारी कातरत होते, ती कातरतच राहिले. संपल्यावर म्हणाले, "त्या हेळव्याला म्या सांगितल्यालं."

"तो म्हणाला मला."

"मग आता काय, माझ्या बाला वंगाळ ठरवायचं व्हय? मेल्यावर पंचेचाळीस वर्सांनी? लोकं काय म्हनतील? सोनाआजीचं काय? जित्या न्हवऱ्याच्या नावानं कुकू पुसून बसली आसं गावभर करायचं?"

"कुणाला काही ठरवायचं नाही, आबा. न्यायला जायचं आहे."

"गुडघा दुखतोय माझा."

संभाजी म्हणाला, "आबा, परवा तर यात्रेत कुस्त्या बघाया तीन तास हुबा हुता. तवा गुडघा कुटं गेलता, माह्यारला?"

आबांनी त्याला शिवी दिली आणि उठून गेले. मी हे लिहून ठेवलं: भेट पहिली, निकाल नाही.

त्यानंतर मी दर रविवारी जात राहिले. दुचाकीवरून दोन तास जायला, दोन तास यायला. कधी विषय काढला, कधी काढला नाही, पण मी कशाला आले आहे ते आबांना कळत होतं. भावकीतले एक चुलते मला म्हणाले, "तू बाहेर गेलीस, तुला हितल्या इज्जतीचं काय?" मी म्हटलं, बाहेर गेलेल्यांचंच तर चाललंय.

मेमधल्या एका रविवारी आम्ही दोघंच मळ्यात होतो. पाण्याची पाळी चालू होती. आबा बांधावर बसून अचानक बोलले. "मरायच्या आधी तात्या दोन दिस सारखं तेच म्हनत हुतं. त्या मानसाला वसरीवर बसू तरी द्यायला पायजे हुतं. बसू तरी द्यायला पायजे हुतं. मला वाटलं, वातात बोलतंय. मग बायकांना बाहीर घालवलं आन मीच त्येंचं तोंड धरलं, कुनी ऐकू नये म्हनून." पाणी पुढच्या सरीत गेलं तरी ते उठले नाहीत. "हाताखाली त्येंचं व्हट हलत हुतं."

हे ते पंचेचाळीस वर्षं एकटेच घेऊन बसले होते. मला स्टँडवरचं त्यांचं वाक्य आठवलं होतं आणि ते तोंडावर टाकायचं ठरवून मी आले होते. टाकलं नाही. मी उठून सरीचं तोंड बदललं. घरी जाताना आबा म्हणाले, "पंचमी कवा हाय?"

त्या एका प्रश्नावर मी कामाला लागले. गाडी संभाजीची, चालवणार तोच. आबांना पुढची सीट, गुडघ्याला पट्टा. आत्यांना हिरवी साडी, बांगड्या भरायला कासारीण घरी. वहिनीनं पुरणाच्या दिंडांचा अंदाज काढला, माणसं किती ते मी सांगितलं. पाहुण्यांना आंघोळीला गरम पाणी, झोपायला खालची खोली, संडासात धरायला दांडी बसवून घेतली. बसाप्पाला पंचमीला सकाळी बोलावलं आहे. वही ओसरीवर वाचायची, सगळ्यांसमोर, बोट न उचलता. जोंधळे आधीच बाहेर आणून ठेवायचे, म्हणजे कुणाला आत पाठवायला नको. पलूसला निरोप दिला. आत्यांच्या नातसुनेनं सांगितलं की आज्जीनं पिशवी भरून ठेवली आहे आणि विचारलं तर म्हणते, दळणाची हाय.

अठ्ठावीस वर्षं मी "गावी जाते" म्हणत आले, "घरी जाते" म्हणणं कधी सुटलं ते कळलंही नाही. घर कुपवाडचं, कारण गॅसचं कार्ड, मुलांच्या शाळा, मिस्टरांची औषधं सगळं तिथं आहे. ते मी बदलणार नाही. पण आपण परत येऊ शकतो, हे घर म्हणायला पुरेसं आहे असं मला वाटायचं. शंकरआज्जेही परत येऊ शकत होते, आलेही. आता मला वाटतं, आपण नसताना आपल्या नावाची ओळ कुणीतरी मोठ्यानं वाचतं आणि वेळ आली की न्यायला निघतं, ते घर. बाकी नुसता पत्ता. जे बाहेर आहेत त्यांनी फोन करून विचारा, तुमच्या ओळी वाचल्या जातात का. जे घरी आहेत त्यांनी बघा, कुणाला आणायचं राहिलंय.

आज शुक्रवार. पंचमी मंगळवारी आहे. आबा सोमवारी सकाळी सात वाजता पलूसला निघणार. टोपी धुऊन झाली, सदरा इस्त्री करून झाला, आणि आज सकाळी मी स्टोअरमध्ये माल उतरवून घेत असताना आबांचा फोन आला.

"सुरेखा, समदं झालं. येक ऱ्हायलं. तिच्या दारात हुबा ऱ्हायल्यावर तोंडातनं पयलं काय काढायचं, ते लिहून दे. तुला लिव्हायची सवय हाय."

सकाळपासून चार कागद झाले. "चल" म्हणायचं तर आधी काही म्हणायला हवं. "चुकलं" म्हणायचं तर कुणाच्या वतीनं? तात्यांच्या, की स्वतःच्या? "आत्या" अशी नुसती हाक मारावी म्हटलं, तर ब्याऐंशी वर्षांच्या माणसाच्या तोंडी ती पहिल्यांदाच येणार, ती नीट फुटेल का? सराफाला, हेळव्याला, कासारणीला काय सांगायचं ते मी एका दमात लिहिलं. हे एक वाक्य होत नाही. ट्रक उतरवून झाला, सह्या झाल्या, माणसं जेवायला गेली. पाचवा कागद समोर आहे, आणि आबा दर तासाला फोन करून विचारतायत, "झालं का गं?"